सरळ पंखांचं विमान

हवाई दलातली माझी नोकरी मुदतीची होती. मुदत भरली, मी शेवटचा सलाम केला आणि दोन पत्र्याच्या पेट्या घेऊन थेट जळकोटला आले. नवऱ्याचं दुकान इथं हायवेच्या फाट्यापाशी आहे, पाण्याच्या मोटारी, पाईप आणि ठिबकचं. लग्न झाल्यापासून तो इथं आणि मी देशातल्या कुठल्या तरी धावपट्टीच्या कडेला, असाच आमचा संसार झालेला. सुट्टीत भेटायचो. आता पहिल्यांदाच आम्ही रोज एका घरात राहणार होतो, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याची थोडी धास्ती वाटत होती.

गावात मला विमानवाली बाई म्हणत. लोकांना वाटायचं मी विमान चालवायची. मी विमानं सांभाळायची. अभियंता होते. ज्या तळावर तरुण पोरं जेट विमानावर उडायला शिकतात, तिथली विमानं सकाळी तयार करून द्यायची आणि ती परत आली की त्यांना काय झालंय ते बघायचं, हे माझं काम. शाळेत सव्वीस जानेवारीला मला बोलवायचे, मी दोन शब्द बोलायची आणि पोरं विचारायची की ढगात हात घालता येतो का. बाकी विमानाबद्दल कुणी काही विचारत नसे. विचारावं असं काही नव्हतंही.

ती पहिली काही वर्षं आठवली की मला ती अर्धवट झोपेत गेल्यासारखी वाटतात. दुपारी जेवणं झाली की सासूबाई पुढच्या खोलीत शहाबादी फरशीवर नुसता पदर अंथरून आडव्या व्हायच्या. मी त्यांच्या शेजारी. दार उघडं असायचं. हायवेवरून हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकचा आवाज लांबून सुरू व्हायचा, वाढायचा आणि विरायचा. डोळे मिटलेले असले की त्या आवाजाला मधेच एक बारीक शिट्टीसारखी धार यायची, आणि मला वाटायचं, आलं, उतरलं, आता वळून आपल्या जागेवर येईल. मी उठून बसायची. बाहेर तुरीच्या रानावर ऊन पडलेलं असायचं आणि वर खूप उंचावरून कुठलं तरी प्रवासी विमान पांढरी रेघ ओढत मुंबईकडं चाललेलं असायचं. ती रेघ आधी दोऱ्यासारखी असायची, मग कापसासारखी व्हायची, मग निळ्यात मिसळून जायची. ती पूर्ण जाईपर्यंत मी बघत राहायची. सासूबाई डोळे न उघडता म्हणायच्या, "गेलं का?" मी म्हणायची, "गेलं."

अशाच एका भादव्यातल्या दुपारी फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, पण शब्द जरा तोलून टाकत, परक्या माणसासारखा. त्यानं मला मॅडम म्हटलं आणि विचारलं, "मला ओळखलंत का? तुम्ही माझा हात धरून इंजिनात घातला होता."

मग ओळखलं.

तो समुद्राकाठच्या एका लहान देशाचा. देशाचं नाव इथं लिहीत नाही, त्याच्या नोकरीला ते बरं नाही. मैत्रीतल्या देशांची पोरं आमच्याकडं शिकायला येत, त्यांतला तो एक होता. अंगानं बारका, सगळ्यांत मागं बसणारा. एकदा उड्डाण करून उतरताना त्याच्या विमानाच्या इंजिनात पक्षी गेला. विमान थरथरलं, त्यानं ते कसंबसं पण नीट खाली आणलं. खाली उतरल्यावर सगळे त्याची पाठ थोपटत होते आणि तो नुसता उभा होता, चेहऱ्यावर काहीच नाही. मी इंजिन बघायला आत वाकले होते. पुढच्या चक्रावरची पाती वाकली होती, एकाचा कोपरा तुटून गेलेला. मला काय वाटलं कोण जाणे, मी त्याला जवळ बोलावलं, त्याचा हात धरला आणि त्या वाकलेल्या पात्यावर ठेवला. म्हटलं, "एवढं लागलं होतं त्याला, तरी त्यानं तुला सोडलं नाही." तेव्हा तो रडला. पुढं तो आपल्या देशात परत गेला आणि मी दुसऱ्या तळावर. मधे कितीक वर्षं गेली.

आता तो त्यांच्या हवाई दलात मोठा अधिकारी झाला होता. सरकारी कामासाठी हैदराबादला आला होता आणि त्याला हक्काची थोडी रजा होती. म्हणाला, त्यांच्या देशाला जेट प्रशिक्षण विमान घ्यायचंय, निवडायच्या समितीत तो आहे, आणि मला काही विचारायचंय. मी म्हटलं, विचार. तो म्हणाला, "फोनवर नाही. येऊ का?"

मी नवऱ्याला सांगितलं तर त्यानं पहिल्यांदा एवढंच विचारलं की तो भाकरी खाईल का.

तो आला तेव्हा आभाळ भरून होतं पण पाऊस नव्हता. उमरग्याकडून येणाऱ्या गाडीनं त्याला फाट्यावर सोडलं आणि तो आमच्या दुकानापुढं, पाईपांच्या ढिगाजवळ, हातात एक लहान बॅग घेऊन उभा राहिला. केस कानाजवळ पांढरे झाले होते. मला बघितल्यावर त्यानं सवयीनं पाय जुळवले, मग स्वतःच ओशाळून हसला. घरी सासूबाईंनी त्याला दाराशीच थांबवलं आणि आपल्या दख्खनी हिंदीत म्हणाल्या, "कितने दूर से आया रे बच्चा. पैले हात-पाव धो ले." तो त्यांच्या पाया पडला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी हुग्गी केली, खपली गव्हाची खीर, आणि तो वाटीच्या तळाशी उरलेली बोटानं पुसून खात होता. विमानाचा विषय त्यानं काढला तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "लेकरू दमून आलंय, आज झोपू दे. इमानं कुठं पळून चालल्यात?"

त्याचं काम काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणातल्या लिंबाखाली चहा पिताना कळलं. त्यांच्याकडची पोरं आधी पंख्याच्या लहान विमानावर शिकतात आणि तिथून एकदम जुन्या लढाऊ जेटवर जातात. मधली पायरी नाही. पंख्याचं विमान सावकाश चालतं, चूक केली तर ती सुधारायला वेळ देतं. लढाऊ जेट वेळ देत नाही. मधे एक असं जेट लागतं जे वेगानं उडतं पण शिकणाऱ्याला माफही करतं. त्यालाच प्रगत प्रशिक्षण विमान म्हणतात. त्याच्या तुकडीतले दोघं त्या मधल्या पोकळीत जीवानिशी गेले होते. त्यांतला एक त्याच्या खोलीत राहायचा. हे त्यानं चहाचा कप खाली ठेवून, दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

आता सरकारनं पैसे मंजूर केले होते, पण थोडे. त्या थोड्या पैशात तीन विमानांतून एक निवडायचं होतं. मी आधीच म्हटलं, किमतीचे आकडे मला सांगू नकोस, आणि कागदातलं जे सांगायचं नाही तेही सांगू नकोस. तो म्हणाला, तसलं काही आणलंच नाही.

पहिलं विमान आवाजाहून वेगानं जाणारं, नवं, देखणं. त्यात लढाईची सगळी यंत्रं बसतात. म्हणजे शिकवायचंही तेच आणि वेळ पडली तर लढायचंही तेच. दुसरं माझं. म्हणजे ज्याच्यावर मी आयुष्याची इतकी वर्षं घातली ते, मागं ओढलेल्या पंखांचं. आणि तिसरं सरळ पंखांचं, लहानसं, जुन्या धाटणीचं पण आत नवं इंजिन बसवलेलं. ते सगळ्यांत सावकाश जाणारं होतं. तिसऱ्याचं नाव ऐकून मी हसले. तोही हसला. त्या हसण्यावर आम्ही तिसरं बाजूला ठेवलं.

दुपारी नवऱ्यानं दुकान कामाच्या पोरांवर सोपवलं आणि आम्हाला नळदुर्गला घेऊन गेला. त्या वर्षी बोरी नदी भरली होती आणि किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर-मादीचे दोन्ही धबधबे पडत होते. रविवारी इथं उभं राहायला जागा नसते, पण तो मधला वार होता, आणि पाणीमहालात जायच्या पायऱ्यांवर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. नवरा वर तटावरच बसला, म्हणाला मी हे बघितलंय, तुम्ही जाऊन या.

पाणीमहाल म्हणजे बंधाऱ्याच्या पोटातली खोली. वरून पाणी पडत असतं आणि आपण त्या पाण्याच्या मागं कोरडे उभे असतो. खिडकीतून बाहेर बघितलं तर पाण्याचा पडदा दिसतो, त्यातून हिरवा उजेड आत येतो आणि भिंतीवर हलत राहतो. आवाज इतका की सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही. मग कान सरावतात आणि आवाजाच्या आत एक शांतता असल्यासारखी वाटते. मी तिथं लहानपणीही आले आहे, लग्नानंतरही. त्या दिवशी मला वाटलं आपण जमिनीवर नाहीच, कशाच्या तरी पोटात बसून कुठं तरी चाललोय. तो खिडकीच्या दगडाला हात लावून उभा होता आणि त्यालाही तसंच काही वाटत असावं, कारण तो एकदम मनातलं बोलायला लागला.

म्हणाला, त्यांच्याकडं सगळ्यांना पहिलंच विमान हवंय. मंत्र्यांना हवंय, कारण राष्ट्रीय दिनाला ते राजधानीवरून गडगडत जाईल आणि शेजारच्या देशांना ते ऐकू जाईल. वरिष्ठांना हवंय, कारण एका पैशात दोन कामं होतात. वैमानिकांना तर हवंच.

"आणि तुला?" मी विचारलं.

"मलाही. एकदा बसलोय त्यात, मॅडम. उतरावंसं वाटत नव्हतं."

खरं तर मी त्याला ते वाईट आहे असं सांगूच शकत नव्हते, ते वाईट नव्हतंच. मी फक्त मनातल्या मनात आमची जुनी रांग बघत होते. सकाळचं धुकं, उभी विमानं, आणि त्यांच्या पलीकडं पांढऱ्या पट्टीवर आपल्या पाळीची वाट बघत उभी असलेली पोरं. विमान नादुरुस्त झालं की पोरगं परत फिरायचं. त्याचे खांदे कसे पडायचे ते लांबून कळायचं. म्हणून मी विचारलं, "ते घेतलं तर एका पोराला वर्षात उडायला किती मिळेल?"

तो पाण्याकडं बघत राहिला. त्याला ते माहीत होतं, त्यानं गणित नक्की केलेलं असणार. पण गणित करणं वेगळं आणि कुणी तरी समोर उभं राहून विचारणं वेगळं.

"फार नाही," तो म्हणाला. "विमानं कमी येतील. एक तासाचा खर्चही मोठा. बहुतेक दिवस पोरं खाली बसून त्याच्याकडं बघतील."

वर आलो तेव्हा नवरा तटावर पाय सोडून भाजलेलं कणीस खात होता. त्यानं दोघांकडं बघितलं आणि कणीसवाल्याकडून आणखी दोन कणसं घेतली.

पहिलं विमान असं गेलं. मला वाटलं, आता माझंच राहिलं.

त्या दिवसापासून मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकणार नाही. इतकी वर्षं आत मिटून ठेवलेलं सगळं सुटलं. मी सकाळी उठल्यापासून बोलत होते. ते विमान वळताना कसं वाकतं, वेग कमी झाला की कसं आधी अंग हलवून सांगतं आणि मग पडतं, त्याचं पोट उघडलं की नळ्या कशा हारीनं दिसतात. सडा घालायच्या बादलीत बोट बुडवून मी शहाबादी फरशीवर पंखाची रेघ काढायची, हवा त्याच्यावरून कशी जाते ते बाणांनी दाखवायची, आणि मी शेपटापर्यंत पोचेपर्यंत नाकाकडचं वाळून गेलेलं असायचं. मी पुन्हा काढायची. तो मांडी घालून समोर बसलेला असायचा. सासूबाई सुपात धान्य पाखडता पाखडता बघत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, हे त्या इमानाचं हाय का माशाचं, आणि आम्ही दोघं खूप हसलो. नवरा दुकानातून जेवायला आला की मुद्दाम वळसा घालून जायचा, ओल्या रेघांवर पाय पडू नये म्हणून. त्यानं मला असं बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. हे मला नंतर कळलं.

बोलता बोलता मला कधी कधी वाटायचं की मी त्याला नाही, स्वतःलाच ते विमान परत देतेय. दुपारी डोळे मिटले की शेपटावरचा आकडासुद्धा दिसायचा.

जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही शेताकडं गेलो. सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं, तूर हिरवीगार होती, आणि ढग जरा फाटून पश्चिमेकडून तांबूस उजेड येत होता. बांधावरून चालताना त्यानं विचारलं, "तुमच्या रांगेत एखादा भाग कमी पडला तर तुम्ही काय करायचात?"

मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी मला आवडते. एकदा इंधनाच्या पंपाचा एक भाग मिळेना आणि विमान अडकलं. मी फोन केला, दुसऱ्या तळाच्या कोठारात तो सापडला, आणि एक मालवाहू विमान तिकडून निघतच होतं, त्यात टाकून त्यांनी तो पाठवला. दिवस मावळायच्या आत आमच्या हातात. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान उडालं. सगळ्या तळानं जीव लावून केलेलं काम होतं ते.

तो ऐकत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "आणि दुसरा तळ नसता तर?"

"मग रांगेतल्या दुसऱ्या विमानातून काढून लावला असता."

"तेही त्याच भागासाठी थांबलेलं असतं तर?"

"मग उडालं नसतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

त्यानं वाकून तुरीचं एक पान तोडलं, चुरून वास घेतला आणि हे पीक कधी निघतं ते विचारलं. मी सांगितलं. घरी येईपर्यंत आम्ही पिकांबद्दलच बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याच्या बॅगेत शेंगांच्या पोळ्या घातल्या. त्या विमानतळावर चालतील का हा विचार मला आला होता, पण मी बोलले नाही. पुढं त्यानं कळवलं की हुमनाबादच्या आतच संपवल्या.

थंडीत, ज्वारी हुरड्यात आली असताना, त्याचा फोन आला. आम्ही रानात होतो. नवरा गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजत होता आणि धूर माझ्या डोळ्यांत जात होता. फोनवर तो म्हणाला, समितीनं ठरवलं, वरूनही मान्य झालं. सरळ पंखांचं घेतोय.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

तो म्हणाला, "मॅडम, तुमचाच प्रश्न मी तिन्हींना विचारला. एका पोराला किती उडायला मिळेल. तुमचं विमान फार चांगलं आहे. पण त्याच्या मागं तुमचा एवढा मोठा देश उभा होता. आमच्याकडं एकच तळ आहे."

मी अभिनंदन म्हटलं, आवाज नीट ठेवला आणि फोन ठेवला. मग तिथंच ज्वारीत उभी राहिले. ताटं डोक्याच्या वर होती, वारा आला की सगळीकडून सळसळ व्हायची आणि काही दिसायचं नाही. मला लहान मुलासारखं वाटत होतं. चार दिवस मी फरशीवर पाण्यानं चित्रं काढत होते आणि तो मांडी घालून बघत होता, आणि त्यानं ते निवडलं नाही. ज्याला आम्ही हसलो होतो ते निवडलं. नवरा हातावर गरम दाणे चोळत आला.

"राग आलाय का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि दाणे माझ्या ओंजळीत घातले. "मग वाईट वाटलंय."

ते खरं होतं. बरेच दिवस वाटत राहिलं. त्या दिवसांत मी दुपारी फरशीवर आडवी होत नसे, दुकानात जाऊन बसायची, गिऱ्हाइकांना मोटारी दाखवायची. काम करताना मधेच त्याचं वाक्य आठवायचं आणि मी मनात त्याच्याशी भांडायची, आणि भांडताना प्रत्येक वेळी त्या बांधावरच्या प्रश्नापाशी येऊन थांबायची. त्याचं उत्तर मीच दिलं होतं. उडालं नसतं.

विमानं यायच्या आधी त्याचा पुन्हा फोन आला. त्यांच्या तंत्रज्ञांना रांग कशी चालवायची हे शिकवायला माणूस हवा होता. विमान कुठलं का असेना, सकाळी सगळी कशी उभी करायची ते. दोन महिने. कारखान्याचे लोक येतीलच, पण ते आपलं विमान शिकवतील, रांग शिकवणार नाहीत. मी नाही म्हटलं. मला ते विमान येत नाही, हे खरं कारण होतं, आणि सांगायला बरंही होतं. सासूबाईंना हे नवऱ्याकडून कळलं. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "जा की. इतकी वरसं माझा ल्योक वाट बघत बसला, आनखी दोन म्हैनं बसंल. त्याला सवय हाय."

रीतसर परवानग्या मिळाल्या, आणि मी गेले.

तो देश मला अजून स्वप्नासारखा आठवतो. धावपट्टी थेट समुद्राला जाऊन टेकलेली. सकाळी पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघच नसायची, सगळं एकाच राखाडी रंगाचं, आणि त्या राखाडीत ती विमानं उभी. लहान, पोट जमिनीजवळ, पंख सरळ पसरलेले. पहिल्या दिवशी मी त्यांच्याभोवती नुसती फिरले. मग एक झाकण उघडलं. ते माझ्या छातीच्या उंचीवर होतं. माझ्या विमानाला शिडी लागायची. इथं बुटकी माणसंसुद्धा जमिनीवर उभी राहून इंजिनात हात घालत होती. आत बघितलं तर नळ्या कमी, जागा जास्त, आणि निम्म्या गोष्टी मला कुणी न सांगता कळल्या. मी बराच वेळ वाकून बघत होते. पाठीमागं तो येऊन उभा राहिला होता. मी ते झाकण लावलं आणि पुढचं उघडलं.

तिथं माझा शत्रू म्हणजे खारी हवा. आमचे तळ कोरड्या प्रदेशातले, मला तिची सवय नव्हती. रोज उड्डाणं संपली की गोड्या पाण्यानं विमानं धुवायची, हे मीही त्यांच्याबरोबर शिकले. धुतलेल्या विमानांवरून पाणी ओघळत असायचं आणि पलीकडं सूर्य समुद्रात उतरत असायचा. मी हिंदीत सांगायची, तो त्यांच्या भाषेत सांगायचा, मुलं हसायची, आणि मला कळायचं नाही की तो आपल्या पदरचं काय घालतोय.

पहिली विद्यार्थिनी उडाली त्या सकाळी मी रांगेत होते. मागच्या सीटवर तो स्वतः शिक्षक म्हणून बसला होता. विमान पाण्यावरून वर गेलं, लहान होत गेलं आणि दिसेनासं झालं, आणि मग नुसता आवाज उरला, मग तोही नाही. आम्ही वाट बघत उभे राहिलो. ते परत आलं, उतरलं, आपल्या जागेवर येऊन थांबलं. ती पोरगी उतरली, पुढं गेली, मग परत वळली आणि विमानाच्या नाकावर तिनं हात ठेवला. तिला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. तो मागच्या सीटवरून उतरताना माझ्याकडं बघत होता. मी मान वळवली, कारण माझे डोळे भरले होते आणि रांगेत ते चालत नाही.

निघायच्या आधी, समुद्राकाठी चालताना त्यानं मला एक गोष्ट सांगितली, जी त्यानं समितीला सांगितली नव्हती. त्याला भीती वाटते. सरळ पंखांचं विमान पोरांना भरपूर उडू देतं, पण लढाऊ विमान ज्या वेगानं जमिनीकडं येतं तो वेग ते दाखवू शकत नाही. म्हणजे पायरी झाली, पण तिच्यावरची उडी अजून थोडी मोठीच आहे. माझ्या विमानानं ती लहान केली असती. हे त्याला माहीत आहे.

"मग?" मी विचारलं.

"मग मी शेवटच्या महिन्यात प्रत्येकाबरोबर स्वतः बसतो," तो म्हणाला. "दुसरं काय करणार."

त्याला आता फार वर्षं झाली नाहीत, पण थोडी झाली. त्याचा फोन येत असतो. त्यानंतर त्या उडीत त्यांचं कुणी गेलेलं नाही. हे विमानामुळं, त्याच्यामुळं की नशिबामुळं, हे तोही सांगू शकत नाही आणि मीही विचारत नाही. काही पोरं मधेच गळतात, त्यांना तो दुसरं काम देतो. पैसे अजूनही थोडेच आहेत.

मी परत आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी जेवू घातलं. मग चष्मा लावून म्हणाल्या, दाखव तुझं ते. मी मोबाइलवर फोटो उघडले. समुद्र बघून त्या म्हणाल्या, आपल्या बोरीच्या धरणासारखंच दिसतंय, नुसता पल्याडचा काठ न्हाय. सरळ पंखांच्या विमानावर त्यांनी बोट ठेवलं. "हे व्हय? लहानच हाय की."

"लहानच आहे."

"आनि तुजं कुठलं?"

मला जुना फोटो शोधायला वेळ लागला. त्यात मी तरुण आहे, हात तेलानं काळे, आणि मागं माझं विमान उभं आहे, पंख मागं ओढलेले. सासूबाईंनी तो फोटो डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ बघितला.

"हे बी चांगलं हाय," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याला हाक मारली, तूही ये, बघ.